वनमहोत्सवानंतरचे कर्तव्य

प्रतिवर्षी जुलै महिन्यात आमच्या शाळांतून वनमहोत्सव साजरा होतो. १९५० साली कन्हैयालाल मुनशी केंद्रीय मंत्री असताना सुरू झालेला हा उपक्रम निःसंशय स्तुत्य आहे. परंतु रोप लावले, झारीभर पाणी घातले, टाळ्या वाजल्या, की वनाविषयीचे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत विद्यार्थ्यांच्याच नव्हे तर थोरांच्याही मनात दृढ झाली आहे. ती आम्हांस घातक वाटते. लावणे हा वनविद्येचा केवळ श्रीगणेशा होय. तिचा खरा कस राखण्यात लागतो.

आपल्या टापूतील सागाचेच उदाहरण घेऊ. बेळगावच्या दक्षिणेस खानापूर, हल्याळ, दांडेली या बाजूस सागाची राने आहेत. पश्चिम किनाऱ्याच्या सागवानाची थोरवी किती, याची साक्ष एक जहाज आजही देत आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेले व १८१७ साली पाण्यात उतरवलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात अद्याप तरंगते आहे. परंतु गोद्यांची गरज, पुढे आगगाड्यांच्या रुळांखाली घालावयाचे लाकूड, आणि घरोघरच्या तुळया व दारे यांसाठी जुने वृक्ष तुटत गेले. आज आपल्याला पुष्कळ ठिकाणी जे दिसते ते मूळचे अरण्य नव्हे, तोडीनंतर आपसूक उठलेले दुसरे रान होय.

तोडला म्हणून साग मरत नाही. त्याच्या खुंटावर चार-सहा धुमारे जोमाने फुटतात. ही निसर्गाची कृपाच. पण तेथेच सोडून दिले, तर हे सारे धुमारे एकाच मुळावर जगू पाहतात. कोणी वाकतो, कोणी दुभंगतो, आणि हाती येतात त्या सरपणाच्या काठ्या. म्हणून जाणकार वनरक्षक जमिनीलगत फुटलेला, सरळ व निरोगी असा एकच धुमारा राखतो आणि बाकीचे काढून टाकतो. खुंटावर उंच फुटलेला धुमारा वाऱ्याने मोडतो. शिवाय खुंटाची कूज त्याच्यात शिरण्याचे भय असते.

पुढे काही वर्षांनी विरळणी करावी लागते. साग हा उन्हाचा भुकेला वृक्ष आहे. शेजाऱ्याच्या सावलीत तो खुरटतो. मात्र एकदम मोकळे रान केले, तर त्याच्या खोडावर आडव्या फांद्या फुटतात आणि लाकडात गाठी पडतात. म्हणून हे काम बेताबेताने, टप्प्याटप्प्याने करावयाचे असते. ऐन, किंजळ, बांबू हे सागाचे सोबतीही समूळ नाहीसे करू नयेत. सागाच्या रुंद पानांवरून गळणारे पावसाचे मोठे थेंब उघडी माती खणून नेतात. खालचा झाडोरा असला म्हणजे ती टिकते. वणवा तर सर्वथा टाळावा, कारण तो होरपळवतो ते बुंध्याला, आणि सर्वांत मोलाचे लाकूड तेथेच असते.

येथे कोणी म्हणेल, कुऱ्हाडीचे समर्थन करणारा हा कसला वृक्षप्रेमी? आक्षेप रास्त आहे. विरळणीच्या नावाखाली चोरी होऊ शकते. अभयारण्यांत, उदाहरणार्थ २०११ साली घोषित झालेल्या भीमगडात, वन्यजीवांचा हक्क आधी. तेथे लाकडाचा विचारही नको. इतर रानांतही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार सरकारमान्य कार्य-आयोजनेविना तोड करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु रानाची हानी निव्वळ कुऱ्हाडीने झालेली नाही. आजवरची रीत अशी, की उत्तम ते तोडावे आणि वाकडे-किडके ते मागे ठेवावे. मग पुढल्या पिढीचे बी पडते ते त्या मागे राहिलेल्या झाडांचे! रीत उलटी हवी. काय नेले यापेक्षा काय राखले, हा प्रश्न वनाच्या बाबतीत श्रेष्ठ मानला पाहिजे.

हे केवळ पुस्तकी नव्हे. केरळातील निलंबूर येथे १८४० नंतरच्या दशकात कॉनोली व चातू मेनन यांनी लावलेल्या सागांपैकी काही आजही उभे आहेत, आणि मानवी जोपासनेने केवढे वृक्ष वाढू शकतात हे दाखवीत आहेत. उलट, सागाची मायभूमी असलेला आपला देश आज जगात सर्वाधिक सागवान आयात करतो. आफ्रिका व अमेरिकेतूनही ओंडके येतात. ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

उत्तम सागवान सिद्ध होण्यास साठ-ऐंशी वर्षे लागतात. आज राखलेला धुमारा तोडावयास येईल तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आजोबा-आजी झालेले असाल आणि आम्ही नसू. म्हणूनच हे काम टळत राहते. यास्तव आमची सूचना अशी, की पुढील वनमहोत्सवात शाळेच्या आवारात रोपे अवश्य लावावीत. पण एक दिवस वनपालांच्या अनुमतीने व सोबतीने जवळच्या दुसऱ्या रानातही जावे. एखाद्या खुंटाभोवती उभे राहून, यातला कोणता धुमारा राखावा आणि का, हे प्रत्येकाने स्वतः सांगावे. मग आपले उत्तर वनपालांच्या उत्तराशी ताडून पाहावे. अशा एका दिवसात वनाविषयी जे कळेल, ते आमच्या दहा व्याख्यानांनी कळणार नाही.