दहा रुपये दंड

हा अंक जुळवताना मन सारखं फर्ग्युसनच्या वसतिगृहाकडे धावत होतं. १९०५ साल. बंगालच्या फाळणीचा संताप पुण्यात पोहोचला होता. विनायक सावरकर या विद्यार्थ्याने पुढाकार घेतला आणि विलायती कपड्यांची होळी पेटली. कोणी अंगातला कोट काढून दिला, कोणी टोपी. महाविद्यालयाने शिक्षा सुनावली: दहा रुपये दंड आणि वसतिगृहातून हकालपट्टी. प्राचार्य होते केंब्रिज गाजवून आलेले रँग्लर परांजपे. टिळकांनी ‘केसरी’तून त्यांना धारेवर धरलं. तरी परांजप्यांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. सरकारी अनुदान घेणारी संस्था जगवायची काळजी त्यांच्या उशाशी होती.

मला मात्र त्या आगीपेक्षा जास्त ओढ वाटते ती त्याच मुलांच्या हस्तलिखित साप्ताहिकाची. एकाने टाकाने सुवाच्य उतरवायचं, बाकीच्यांनी आळीपाळीने वाचायचं. छापखाना नाही, वर्गणी नाही. संपादक म्हणून मला त्यांचा हेवा वाटतो.

पुढच्या पानांवर अशाच खोल्या, खानावळी, वादसभा आहेत. सावकाश वाचा. आजोबा-पणजोबांची एखादी कॉलेजातली वही माळ्यावर सापडली, तर आम्हाला जरूर कळवा.