जुन्या इंजिनाचा धूर : रंगाआधी वेळ पाहा



विजेचे पंप आले तरी विहिरीवरची आणि ओढ्याकाठची जुनी डिझेल इंजिने अजून मोडीत निघालेली नाहीत. विजेची ये-जा पाहता इतक्यात निघणारही नाहीत. पण इंजिन धूर सोडू लागले की मालक म्हणतो, "जुने झाले, धुरणारच", आणि मिस्त्री म्हणतो, "खोलावे लागेल." आमच्या मते दोघेही घाई करतात. मिनिटाला ६५० फेरे घेणारे लिस्टर जातीचे सावकाश इंजिन नीट राखले तर वय झाले म्हणून धूर सोडत नाही. आणि खोलण्याच्या खर्चाआधी करून पाहण्यासारखे फुकटाचे पुष्कळ असते.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाण्याची वाफ. निळा म्हणजे ऑइल जळते. एवढे बहुतेकांस ठाऊक असते. पण नुसता रंग पाहून निदान करू नये. धूर केव्हा येतो, हे आधी पाहावे.

पांढरा धूर थंडीच्या सकाळी पाच-दहा मिनिटे आला आणि इंजिन तापल्यावर गेला, तर काळजी नको. तापल्यावरही राहिला, डोळ्यांना झोंबला आणि इंजिन मधूनच ठोका चुकवू लागले, तर डिझेल पुरते जळत नाही. अशा वेळी डिझेलमधले पाणी, नोझल, पंपाचा टायमिंग आणि शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमाने पाहावे. धूर झोंबत नाही पण कूलिंगचे पाणी कमी होते, तर हेडच्या गॅस्केटवर संशय घ्यावा.

काळ्या धुराबाबत एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. उन्हाळ्यात स्वच्छ चालणारे इंजिन पावसाळ्यात विहीर भरल्यावर काळे ओकू लागते. मालकाला वाटते, इंजिन बिघडले. खरे कारण पंपात असते. पाणी वर आले की उचल कमी होते, सेंट्रिफ्यूगल पंप जास्त पाणी फेकतो आणि त्यासाठी जास्त ताकद मागतो. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून पाहा. धूर निवळला तर इंजिनाला पाना लावण्याचे कारण नाही. लोड काढूनही काळा धूर राहिला, तर एअर क्लीनर आणि सायलेन्सरमधली काजळी साफ करावी, मग नोझल तपासून घ्यावा. तपासताना नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते आणि वरून जखम लहान दिसली तरी बोट गमावण्याची पाळी येते. तसे झालेच तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

निळा धूर दिसला की रिंगा आणि लायनर बदलण्याची भाषा सुरू होते. त्याआधी ऑइलची पातळी पाहा. ऑइल खुणेच्या वर भरले असले किंवा एअर क्लीनरच्या वाटीत जास्त ओतले असले, तरी निळाच धूर येतो.

इंजिन वर-खाली सूर काढत असेल, तर डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा गव्हर्नरचा सांधा अडकतो आहे. दोन सिलिंडरचे असल्यास एकेका नोझलच्या पाइपाचा नट चेहरा दूर ठेवून, फडके धरून किंचित सैल करावा. ज्याचा नट सैल केल्याने चालण्यात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करीत नव्हता. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणारा मिस्त्री मात्र दूरच बरा. त्याने जोर आल्यासारखा वाटतो, पण धूरही वाढतो आणि डिझेलही.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसास कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातला. जो पोरगा इंजिनाच्या खोपटातच अंथरूण टाकून रात्रीचे पाणी पाजतो, त्याच्या छातीत हा धूर रोज जातो. एक्झॉस्टचा पाइप छपराबाहेर काढायला फारसा खर्च येत नाही. पाणी खोल गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरवण्याची रीत तर आम्हांस मुळीच मान्य नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंगही नसतो. आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल, तर त्याच्यामागे दुसऱ्याने उतरू नये. इंजिन वरून बंद करता येत असेल तर करावे, दोर आणि माणसे जमवावीत, अग्निशामक दलाला बोलवावे.