इशारा फोनचा, निर्णय आपला

मे २०२० मध्ये टोळधाड झाशीच्या वेशीपर्यंत आली, तेव्हा जिल्हा प्रशासनाने अग्निशमन दलास रसायनांसह सज्ज राहण्यास सांगितले होते आणि टोळ दिसताच नियंत्रण कक्षास कळवावे, असे ग्रामस्थांना आवाहन केले होते. संकट कोणते आणि आपण नेमके काय करायचे, हे दोन्ही त्या इशाऱ्यात होते. इशाऱ्याकडून याहून अधिक अपेक्षा नसते. मात्र याहून कमीही चालत नाही.

गेल्या रब्बीत झाशी छावणीपासून काही अंतरावरील मोहरीच्या शेतात एका तरुण शेतकऱ्याने मला आपला फोन दाखविला. ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर आली होती. अनोळखी स्रोतावरून ॲप घेणे धोक्याचे आहे, असा इशारा पडद्यावर होता आणि त्याचे बोट परवानगीच्या बटणाकडे निघाले होते. मी थांबविले, तेव्हा तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुमचं सल्ल्याचं ॲप टाकताना हेच आलं होतं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, घाबरू नका, पुढे जा.”

त्याचे म्हणणे खरे होते. प्रशिक्षण वर्गात वेळ वाचविण्यासाठी मीच ती फाइल गटावर पाठविली होती.

एकाच गटातील कीटकनाशक वारंवार फवारले की किडीत प्रतिकारक्षमता निर्माण होते. इशाऱ्यांचेही तसेच आहे. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये परवानगी मागणारी चौकट इतक्या वेळा येई की लोक न वाचताच होकार देऊ लागले; २००९ च्या विंडोज ७ मध्ये तिचे प्रमाण कमी करावे लागले. अँड्रॉइडमध्ये पूर्वी अनोळखी स्रोतांसाठी एकच सरसकट परवानगी असे. आवृत्ती ८ पासून ती प्रत्येक स्रोतासाठी स्वतंत्रपणे द्यावी लागते. ही सुधारणा चांगली आहे; परंतु व्हॉट्सॲपला ती एकदा दिली आणि तशीच राहू दिली, तर त्या वाटेने येणाऱ्या पुढील फाइलसाठीही दार उघडेच राहते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. अनोळखी म्हणजे हानिकारक नव्हे. ढालकिड्याची अळी मावा खाणारी, आपली मित्र. तरी तिचे रूप पाहून अनेकजण तिच्यावरच फवारणी करतात. फोनलाही पुष्कळदा एवढेच ठाऊक असते की हा प्रोग्राम त्याच्या ओळखीचा नाही. म्हणून अशा इशाऱ्याचा अर्थ ‘मारा’ असा नाही आणि ‘दुर्लक्ष करा’ असाही नाही. त्याचा अर्थ ‘आधी ओळख पटवा’ असा आहे.

ओळख पटविण्यास निकष लागतो. शेंदरी बोंडअळीसाठी आपण सांगतो: कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रति सापळा आठ ते दहा पतंग आढळले, तर उपाय योजा. ॲपसाठीही असेच साधे निकष सांगता येतील. फाइल कोणी पाठविली, हे पुरेसे नाही. ती कोणी बनविली, हे पाहावे. योजनेचे ॲप संबंधित विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून शोधावे. हवामान वा पीकसल्ला देणारे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागत असेल, तर तेथेच थांबावे. बँकेचा ओटीपी त्याच वाटेने जातो. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर कळवावे.

विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती याहून कठोर आहे. आपले ॲप कितीही उपयुक्त असो, ते एपीके फाइल म्हणून गटावर पाठवू नये आणि ‘इशारा आला तरी पुढे जा’ हे वाक्य कधीही उच्चारू नये. ॲप प्ले स्टोअरवर येईपर्यंत थांबावे लागले, तर थांबावे; तोवर सल्ला संदेशाने देता येतो. शेतकरी फोनपेक्षा आपल्यावर अधिक विश्वास ठेवतो. म्हणूनच बनावट फाइल बनविणारा आपल्याच योजनांची नावे वापरतो.

त्या तरुणाने फाइल पुसून टाकली. आम्ही दोघांनी मिळून व्हॉट्सॲपला दिलेली परवानगीही काढून घेतली. पुढील वर्गात मात्र मला आधी माझी चूक सांगावी लागली.