१० रुपये भरायचे कुठे?

माहिती अधिकाराच्या अर्जाची फी १० रुपये. ती भरायला माझी आई एसटीने तालुक्याला जाऊन आली. तिकिटालाच त्याहून जास्त पैसे गेले.

मी म्युनिकला नोकरी करतो. पासपोर्ट भारताचा. बाबा गेल्यावर शेत माझ्या नावावर झालं आणि त्यातून रस्ता जाणार असल्याची नोटीस आली. मोजणी कशी केली त्याचे कागद मला हवे होते. राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, पण त्याच्या यादीत मला हवं ते कार्यालय सापडलं नाही. मग कागदी अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तो इथे जर्मनीत कुठून आणू?

मित्रांचं उत्तर ठरलेलं असतं. "युरोत कमावतोस आणि १० रुपयांसाठी रडतोस?" अरे, १०० घ्या! रकमेबद्दल माझी तक्रारच नाही. २००५च्या कायद्याचं कलम ३ हा अधिकार सर्व नागरिकांना देतं. नागरिक कुठे राहतो, काय कमावतो, हे विचारत नाही. फी वाजवी असावी असंही त्याच कायद्यात लिहिलंय. जी भरताच येत नाही ती वाजवी कशी?

केंद्राने २०१३ साली परदेशस्थ नागरिकांसाठी ई-पोस्टल ऑर्डर आणली. कार्डाने पैसे भरा, प्रिंट काढा, अर्जाला जोडा. सोय चांगली, पण ती केंद्राच्या खात्यांसाठी. माझ्या शेताचे कागद दिल्लीत नाहीत. आणि २०१८मध्ये लोकसभेत सरकारने सांगितलं की अनिवासी भारतीयांना माहिती मागताच येत नाही! निवृत्त कमोडोर लोकेश बत्रा यांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ते उत्तर दुरुस्त झालं.

आमच्या धंद्यात अशा वापरकर्त्याला 'एज केस' म्हणतात आणि पुढच्या रिलीजवर ढकलतात. मीही ढकललेत. पण तिथे कुणाच्या शेतातून रस्ता जात नसतो.

"आईलाच अर्ज करू दे ना," असंही सुचवतात. ती करेलही. पण ज्याच्या घरी जाणारं-येणारं कुणी नाही त्याने काय करायचं? कोर्ट फी स्टॅम्पऐवजी ई-पोस्टल ऑर्डर चालेल, एवढा एक बदल राज्याने नियमांत करावा. कागद परदेशात पाठवायचं टपाल मी भरतो, स्कॅन ईमेल केलं तर तेही नको.

आता कार्यालयाचं पत्र आलंय: ३४ पानं, पानाला २ रुपये, ६८ रुपये भरा. ते भरेपर्यंतचे दिवस माहिती देण्याच्या ३० दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत. कायद्यातच तसं आहे. पत्र आईच्या कपाटावर आहे. तिचे गुडघे दुखतायत, त्यामुळे ती गुरुवारी जाणार आहे.