धनुष्कोडीला पुन्हा रूळ नकोत

चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून रामेश्वरला सुटणाऱ्या गाडीला जुने प्रवासी अजूनही ‘बोट मेल’ म्हणतात. १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि मद्रासचा प्रवासी धनुष्कोडीला उतरून आगबोटीने तलाईमन्नार, तिथून पुन्हा रेल्वेने कोलंबो गाठू लागला. दोन समुद्रांमधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर स्टेशन, टपाल कचेरी, जकात कचेरी, चर्च, रेल्वेच्या चाळी उभ्या राहिल्या. वाळू हाताने उकरून गोडे पाणी काढायचे आणि गाडीच्या वेळापत्रकावर जगायचे, असे ते गाव.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री ते गाव संपले. श्रीलंका ओलांडून आलेल्या चक्रीवादळाने समुद्र सुमारे सात मीटर उंच उचलला. पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर धनुष्कोडीच्या तोंडाशी होती. सिग्नल बंद पडला होता. चालकाने काही वेळ वाट पाहिली आणि शिट्टी देऊन गाडी पुढे काढली, असे सांगतात. सहा डबे शंभराहून अधिक माणसांसह लाटेखाली गेले. या वादळातील एकूण बळींचा आकडा १,८०० च्या आसपास धरला जातो. पांबनचा पूल रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत दुरुस्त झाला, त्याचे कौतुक आजही होते. धनुष्कोडीचा मार्ग मात्र पुन्हा बांधला नाही आणि सरकारने गाव वस्तीस अयोग्य ठरवले. तो निर्णय शहाणपणाचा होता.

तो पुसण्याची घाई आता चालली आहे. रामेश्वर ते धनुष्कोडी या सुमारे १७ किलोमीटर रेल्वेमार्गाची पायाभरणी १ मार्च २०१९ रोजी झाली. राज्य सरकारच्या आक्षेपामुळे काम अडले, पण अडणे म्हणजे रद्द होणे नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये पांबनचा नवा पूल खुला झाला. आता उरलेला तुकडा जोडा, हा मोह वाढणारच.

२०१७ मध्ये रस्ता थेट वाळूच्या टोकाला, अरिचलमुनैपर्यंत गेला आणि तिथे सहलीची गर्दी सुरू झाली. तिथून परतायला वाट एकच. लाट आली तर ती वाट आधी जाते, हे १९६४ ने शिकवले आहे. २०२० च्या डिसेंबरात ‘बुरेवी’ चक्रीवादळही श्रीलंका ओलांडून याच दिशेने आले होते, मन्नारच्या आखातात ते क्षीण झाले, हे आपले नशीब. नशिबावर रेल्वे चालवत नाहीत.

मन्नारच्या आखातातील २१ बेटांपैकी दोन केव्हाच पाण्याखाली गेली. ज्या पट्टीवर रूळ टाकायचे, तिथे राज्य सरकारने २०२५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर केले. मग तिथे भराव कशासाठी? यात्रेकरूंच्या सोयीसाठी, असे उत्तर येईल. काशीला नेण्याची इथल्या रामसेतूची वाळू मराठी माणसाने शतकानुशतके पायी जाऊन आणली. त्याच्या श्रद्धेचा आधार घेऊन कंत्राटे काढू नयेत.

दक्षिण रेल्वेचे मुख्यालय चेन्नईतच आहे आणि प्रादेशिक हवामान केंद्रही इथेच, नुंगमबाक्कमला. या दोन कचेऱ्यांनी एकत्र बसून १९६४ ची नोंद पुन्हा वाचावी. रेल्वेने हा मार्ग कायमचा सोडल्याचे लेखी जाहीर करावे. पांबनच्या पुलावर वारा ठरावीक वेगापुढे गेला की गाड्या थांबतात; तोच नियम अरिचलमुनैच्या रस्त्यालाही लावावा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या वादळी महिन्यांत शेवटचे वाहन परत आल्याची खातरजमा रोज संध्याकाळी व्हावी. तिथे आजही राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांना इशारा तमिळमध्ये, वेळेत आणि माणसाच्या तोंडून मिळायला हवा.