पोस्टमनची तमा

नववीच्या वह्या तपासत बसलो होतो. निबंधाचा विषय नेहमीचाच, ‘पोस्टमनचे मनोगत’. चाळीस वह्यांपैकी निम्म्याहून जास्त वह्यांत एकच वाक्य, तेही पहिल्याच परिच्छेदात: ऊन, वारा, पाऊस यांची तमा न बाळगता मी घरोघरी पत्रे पोहोचवतो. मुलांना काय दोष देणार? मार्गदर्शिकेत ते छापलेलं असतं. आम्ही शाळेत असताना तेच लिहिलं आणि शिक्षक झाल्यावर त्याच वाक्याला मी वीस वर्षं गुण देत आलो. यंदा मात्र लाल पेन तिथे अडकलं.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला एक खोड लागते, शब्द दिसला की त्याचं मूळ गाव विचारायची. तमा अरबीतून आपल्याकडे आली. उर्दूत तिचा अर्थ लालच, हाव. मराठीत आल्यावर ती सुधारली आणि तिचा अर्थ झाला पर्वा, फिकीर. म्हणजे उर्दू कानांनी ते वाक्य ऐकलं तर पोस्टमन पावसाची हाव धरत नाही, एवढंच कळतं. हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. मला पडलेला प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. पोस्टमनला पावसाची तमा नसते, हे आपल्याला कुणी सांगितलं?

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात टपाल यायचं ते तात्यांकडून. रायगड जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव. मधे एक पऱ्या, त्यावर लाकडी साकव, आणि दर पावसाळ्यात एकदा तरी तो साकव वाहून जायचा. अब्बा कुवेतला होते. आमच्याच काय, मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांतली कर्ती माणसं आखातात, त्यामुळे तात्यांच्या पिशवीवर सगळ्यांची नजर. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि पत्रं बंद झाली. मी तेव्हा दहा वर्षांचा. अम्मी सकाळचं काम उरकून ओटीवर येऊन बसायची, ती तात्या येईपर्यंत. बाहेर श्रावणातला पाऊस.

आता विचार करतो तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. ज्या दिवशी आमच्या मोहल्ल्याचं एकही टपाल नसे, त्या दिवशी तात्यांना पऱ्या ओलांडायचं काहीच कारण नव्हतं. तरी ते येत. गुडघाभर पाण्यातून, युरियाच्या गोणीतलं प्लॅस्टिक डोक्यावरून पाठीवर सोडलेलं. अंगणातूनच सांगत, “भाभी, आज काय नाय हां.” आणि परत फिरत. टपाल नाही हे सांगायला एवढं चालून येणारा माणूस कोणत्या नियमात बसतो, मला माहीत नाही.

एकदा ते दोन दिवस आलेच नाहीत. पऱ्याला लोंढा होता. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा दादीने त्यांना उभं आडवं घेतलं. “सरकारचा पगार खातोस ना? मग येत का नाहीस?” तात्या काही बोलले नाहीत. चहा न घेता गेले.

सप्टेंबरच्या शेवटी पत्र आलं. तात्यांनी ते सदऱ्याच्या आत, दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. वरचा शिक्का कुवेतचा नव्हता, अम्मानचा होता. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणलं गेलं, त्यातल्या बहुतेकांचा रस्ता जॉर्डनमधल्या अम्मानवरून होता. अब्बा त्या रांगेत होते. उर्दूतलं ते चार ओळींचं पत्र मी ओटीवर मोठ्याने वाचलं, आणि तात्या पावसात उभे राहून ऐकत होते. त्यांना उर्दू कळत नव्हतं. अम्मीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

बी.एड. करून मास्तर झाल्यावर, कितीतरी वर्षांनी मला कळलं की दादी चुकली होती. तात्या सरकारचा पगार खात नव्हते. ते ‘खात्याबाहेरचे’ होते. टपाल खात्याची भाषा अशी की, माणूस खात्याचं टपाल वाटतो, खात्याची पिशवी खांद्यावर घेतो आणि तरी खात्याच्या बाहेर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं की ही नागरी पदं आहेत. पुढे नाव बदलून ‘ग्रामीण डाक सेवक’ झालं. नावात सेवा आली, पेन्शन आलं नाही. २०१८ मध्ये कमलेश चंद्र समितीनंतर जे दर ठरले त्यात टपाल वाटणाऱ्या डाक सेवकाला चार तासांचे १०,००० आणि पाच तासांचे १२,००० रुपये महिना, वर महागाई भत्ता. पाच तासांच्या वर काम असूच शकत नाही, असं कागद म्हणतो. शिवाय उपजीविकेचं दुसरं साधन असलं पाहिजे, अशीही अट.

माझं म्हणणं एवढंच आहे. हे चार-पाच तास कोरड्या रस्त्यावरचे आहेत. पावसाळ्यात किलोमीटर वाढत नाहीत, तास वाढतात. साकव गेला की वरच्या अंगाने वळसा, पाणी उतरेपर्यंत देवळाच्या नाहीतर मशिदीच्या पडवीत थांबणं, भिजलेली पाकिटं चुलीजवळ धरणं, हे सगळं तो फुकट करतो. वर आपण निबंधात त्याचं कौतुक करतो. फुकटात मिळणाऱ्या कामाला कौतुक हा फार स्वस्त मोबदला आहे.

लोक म्हणतील, आता पत्रं लिहितं कोण? खरं आहे, कुणी लिहीत नाही. पण गॅसची सबसिडी, निराधार योजनेचे पैसे, एटीएम कार्ड, कोर्टाची नोटीस, मुलांची कॉल लेटर? खासगी कुरिअरवाला आमच्याकडे येत नाही, तालुक्याला येऊन घेऊन जा असा त्याचा फोन येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, वर टाळेबंदी. वीज नाही, मोबाइलचा टॉवर आडवा. त्या दिवसांत आमचा डाक सेवक अंगठ्याचं मशीन पिशवीत घालून टेकडीवर चढायचा, कारण रेंज तिथेच. मागून म्हाताऱ्या बायकांची रांग चढायची.

हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात. मी घरी बसतो, माझा पगार कापला जात नाही, कापावा असं मला वाटतही नाही. त्याच दिवशी त्याच रस्त्याने डाक सेवक जातो. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या जुन्या पोस्टाच्या इमारतीवर कोरलंय की बर्फ, पाऊस, ऊन, अंधार काहीही टपालवाल्याला थांबवू शकत नाही. आमच्या मार्गदर्शिकेतलंच वाक्य, फक्त दगडात. पण ३० जानेवारी २०१९ ला भयंकर थंडी पडली तेव्हा तिथल्या टपाल खात्याने मिनेसोटा, आयोवा अशा राज्यांत त्या दिवशीचं वाटप बंद ठेवलं. दगड जागच्या जागी राहिला. आपल्यालाही एवढं जमावं: शाळा बंद, तर टपालही बंद, आणि त्या दिवसाचे पैसे पूर्ण.

आणि हे काही गोऱ्यांकडूनच शिकायला हवं असं नाही. मुहम्मद तुघलकाच्या काळात इब्न बतूता इथे आला होता. त्याने लिहिलंय की पायी डाकेचे एका मैलात तीन टप्पे असत. हरकारा हातातली घुंगराची काठी वाजवत धावायचा आणि ती ऐकून पुढचा माणूस कंबर कसून तयार राहायचा. दौलताबादेत सुलतानासाठी गंगेचं पाणी अशा रीतीने येई. सुलतान काही फार दयाळू नव्हता. पण एका माणसाच्या पायांनी किती धावावं याचा हिशोब त्याच्या डाकेला होता. आमच्या डाक सेवकासाठी पुढच्या टप्प्यावर कुणीही उभं नसतं.

त्या वह्या मी परत केल्या. मुलांना म्हटलं, निबंध पुन्हा लिहा, पण आधी डाक सेवकाला विचारून या. दोन दिवसांनी तो शाळेत स्पीड पोस्ट द्यायला आला तेव्हा त्यालाच वर्गात बसवला. मुलं लाजली. शेवटी एका मुलीने विचारलं, “काका, पावसात भीती वाटते?”

“वाटते की. पऱ्याची जास्त वाटते,” तो म्हणाला. “घरी सांगत नाय.”

तिचा निबंध दीड पानाचा झाला. पहिलंच वाक्य होतं, ‘मला पऱ्याची भीती वाटते.’ ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या, त्यांचा एक गुण कापला.