फेक लांब, मासा जवळ
अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शरदात स्ट्राइप्ड बास गरवणाऱ्यांची रांग लागली, की पहिली चढाओढ कुणाचं आमिष सर्वांत लांब पडतं याची. दहा-अकरा फुटी रॉड, कंबरेतून दिलेला हिसका, आणि आमिष थेट वाळूच्या दांड्यापलीकडे! मासा मात्र पुष्कळदा अलीकडेच असतो. रात्री हा बास दांडा आणि किनारा यांच्यामधल्या चरात शिरतो; फेसाळ पाण्यात भांबावलेली बारीक मासळी त्याला तिथं आयती मिळते. सप्टेंबर १९८२मध्ये अटलांटिक सिटीत अल मॅकरेनॉल्ड्स यांनी वादळी रात्री दगडी बांधावरून ७८ पौंड ८ औंसांचा बास काढला, तो साडेपाच इंची नकली माशावर. इतकं हलकं आमिष तसल्या वाऱ्यात किती लांब जाणार? केप कॉड कालव्याची गोष्ट वेगळी: पात्र सुमारे ४८० फूट रुंद, पाण्याला जबर ओढ, मासे मधोमध उसळले तर तिथवर पोहोचायलाच हवं. एरवी लांब फेकीचं वेड मासे घालवतं. आमिष प्रवाहाबरोबर, जखमी माशासारखं सावकाश वाहतंय ना, एवढं पाहा. आणि गुडघाभर पाण्यात उतरण्याआधी पहिली फेक किनाऱ्यालगत, समांतर टाका.